साखर सोडून गूळ, मध, खजुराकडे वळताय? आधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी पाच किलो सेंद्रिय गूळ आणला. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, सकाळी कोमट पाण्यात मध, जेवणानंतर दोन खजूर, संध्याकाळी मूठभर बेदाणे. सगळं नैसर्गिक, म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा ६.३.

तेव्हा कळलं की आम्ही डबा बदलला होता, गोड कमी केलंच नव्हतं. पुढच्या वर्षभरात वाचून, विचारून, मोजून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण चौथ्या मुद्द्यापासून, म्हणजे गूळ विकत आणण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी हाताशी काय हवं

- घरगुती डिजिटल वजनकाटा, ग्रॅममध्ये दाखवणारा
- चहाचा एकच ठरलेला चमचा (घरात चार मापांचे चमचे असतील तर हिशेब लागत नाही)
- वही किंवा फोनमधली नोंद
- घरात कुणाला मधुमेह, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांचे अलीकडचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी
- काचेच्या दोन-तीन घट्ट झाकणाच्या बरण्या

१. महिन्याभराचा हिशेब मांडा

किराणाच्या यादीत साखर किती, ते बघा. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो लागायची. भागाकार केला तर माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर. यात बाहेरचा चहा, बिस्किटं, टोमॅटो सॉस, कुणाच्या वाढदिवसाचा केक धरलेलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे: दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, ५ टक्क्यांच्या आत आला तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतं. २५ ग्रॅम म्हणजे सहा सपाट चमचे. शीग लावून भरलेले नव्हेत! आपला घरातला शिगेचा चमचा काट्यावर ठेवून बघा, एकाच्या जागी जवळजवळ दीड भरतो.

या शिफारशीतला एक तपशील लोकांच्या नजरेतून सुटतो. या मोजमापात मध, पाक, काकवी आणि फळांचा रससुद्धा धरलेला आहे. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर मात्र धरलेली नाही. पुढचं सगळं याच एका फरकावर उभं आहे.

२. चहापासून सुरुवात करा

आधी प्रमाण उतरवा, पदार्थ नंतर बदला. चहात दीड चमचा घेत असाल तर दहा दिवस सव्वा, पुढचे दहा दिवस एक, मग पाऊण. एकदम बंद केली तर चार दिवसांत चिडचीड होते आणि पाचव्या दिवशी दोन चमचे घातले जातात. हळूहळू उतरवलं की जीभ सरावते. आम्हाला अर्ध्या चमच्यावर यायला दोन महिने लागले. आता पाहुणे म्हणून गेल्यावर मिळणारा चहा पाकासारखा वाटतो.

या दोन महिन्यांत साखरच वापरा. गूळ, मध काही आणू नका. मध्येच पदार्थ बदलला की प्रमाणाचा अंदाज चुकतो, आणि "गूळच आहे, घाल अजून थोडा" हे सुरू होतं.

३. गोडाची उतरंड समजून घ्या

मी मनात चार पायऱ्या धरल्या आहेत.

सगळ्यात वर अख्खं ताजं फळ आणि गोडसर भाज्या: चिकू, केळं, पेरू, रताळं, लाल भोपळा, गाजर. यांच्यात साखर असते, पण सोबत चोथा आणि पाणी असतं. चावायला वेळ लागतो, पोट भरतं, साखर रक्तात सावकाश उतरते.

दुसऱ्या पायरीवर सुकवलेली फळं: खजूर, मनुका, बेदाणे, सुकं अंजीर. चोथा आहे, पण पाणी गेल्यामुळे साखर एकवटलेली. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. म्हणजे ३० ग्रॅमची मूठ तोंडात टाकली की १२० ग्रॅम द्राक्षांची साखर, जवळजवळ २० ग्रॅम, एका मिनिटात पोटात. तेवढी द्राक्षं खायला दहा मिनिटं लागली असती.

तिसऱ्या पायरीवर गूळ, काकवी, मध, माडाचा गूळ. यांना चव आहे, वास आहे, थोडी खनिजं आहेत, पण चोथा नाही. शरीराच्या दृष्टीने या साखरच आहेत. १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० कॅलरी, साखरेत ४००. हा फरक चमच्याच्या काठावर मावेल एवढा आहे.

चौथ्या पायरीवर साखर, आणि तिच्याच बरोबर खडीसाखर. खडीसाखर म्हणजे साखरेच्या पाकाचे मोठे स्फटिक. ती "थंड" मानतात म्हणून कमी साखरेची होत नाही. बाजारातली ब्राऊन शुगरही पुष्कळदा पांढऱ्या साखरेवर मळीचा रंग चढवलेली असते.

फळांचा रस कुठे बसवायचा? तिसऱ्या पायरीवर. एका पेल्यासाठी तीन-चार संत्री लागतात आणि चोथा गाळणीतच राहतो. उसाच्या रसाचं तेच. २०० मिलीच्या पेल्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे दिवसाचा सगळा वाटा एकाच पेल्यात.

४. गूळ निवडताना

इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत गुळातच होते आणि चांगला गूळ मिळाला तर त्याच्यासारखं सुख नाही.

माझं माहेर सांगलीकडचं. लहानपणी हंगामात गुऱ्हाळावर जायचो. मोठ्या काहिलीत रस उकळत असायचा, त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढून टाकायची. मळी नीट निघाली की गूळ स्वच्छ होतो. ही मेहनतीची, वेळखाऊ पद्धत. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाची गंधकयुक्त पावडर टाकतात. तिने रंग उजळतो, पण तो टिकत नाही. काही दिवसांत गूळ पुन्हा काळवंडू लागतो. गिऱ्हाईक पिवळाच गूळ मागतं, म्हणून करणारा पावडर टाकतो. तेव्हा पहिला बदल आपल्या मागणीत करायला हवा.

घेताना काय बघायचं:

- तपकिरी, थोडा काळपट रंग चालेल. लख्ख लिंबासारखा पिवळा टाळा. मात्र काळा म्हणजे शुद्धच, असंही समजू नका. जास्त कढवलेला गूळही काळा होतो. उसाच्या जातीवर आणि जमिनीवरही रंग ठरतो.
- तुकडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर नको. कडवट, करपलेला लागला तरी नको.
- थोडा गूळ पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा. तळाशी माती, चुना किंवा खडूसारखा गाळ साचला तर त्या दुकानातून पुन्हा घेऊ नका.
- "सेंद्रिय" हा शब्द पाकिटावर कुणीही छापतो. प्रमाणपत्राची खूण आणि क्रमांक आहे का ते बघा.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजारात "कोल्हापुरी" म्हणून विकला जाणारा प्रत्येक रवा (गुळाची ढेप) तिथलाच असतो असं नाही, त्यामुळे उत्पादकाचं नाव आणि गाव असलेलं पाकीट घ्या. हंगामात गुऱ्हाळावरून थेट आणता आला तर त्याहून चांगलं काही नाही.

नवख्यांची एक चूक हमखास होते: दुकानात "गूळ द्या" म्हटल्यावर चिक्कीचा गूळ घरी येतो. तो चिक्की आणि तिळाच्या वड्यांसाठी, पाक कडक होण्यासाठी असतो. गूळपोळीत घातला तर सारण दगड होतं. रोजच्या वापरासाठी "साधा गूळ" असं स्पष्ट सांगा.

लोहाबद्दलही बोलायला हवं. गुळात लोह असतं हे खरं. पण दिवसाला जो १० ग्रॅमचा खडा आपण खाऊ शकतो, त्यातून एक मिलीग्रॅमही मिळत नाही. बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम धरलेली आहे. रक्त वाढवायला हळीव, बाजरी, डाळी, पालेभाज्या आणि वर लिंबू. मुलींना रक्त वाढावं म्हणून वाटीभर गूळ-शेंगदाणे देणाऱ्या आयांना मी हे कळकळीने सांगते.

साठवण: पावसाळ्यात गूळ पाझरतो. ढेप फोडून खडे करा, बरणीत घट्ट बंद ठेवा, ओला चमचा लावू नका.

कोकण-गोव्यात माडाच्या सुरापासून केलेला गूळ मिळतो. काळाभोर, किंचित धुरकट वासाचा. पातोळ्यांत आणि दोदोलमध्ये त्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. तो चवीसाठी जरूर आणा. मोजताना मात्र नेहमीच्या गुळासारखाच मोजा.

५. मध निवडताना

मधाच्या घरगुती चाचण्या विसरा. पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे, कागदावर पसरतो का बघणे, यांतल्या कशानेही भेसळ ओळखता येत नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. सगळ्या चाचण्यांत फक्त तीनच टिकले. नेहमीच्या प्रयोगशाळेच्या चाचण्या चुकवील असा साखरेचा पाक मिसळला जातो, हे त्यातून पुढे आलं. जे साध्या प्रयोगशाळेत पकडलं जात नाही, ते आपल्या पेल्यातल्या पाण्यात कसं पकडणार?

म्हणून मी मध ओळखण्याऐवजी मधवाला ओळखते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं. सह्याद्रीत पेट्या ठेवणारे मधपाळ, त्यांच्या सहकारी संस्था, खादी ग्रामोद्योगची दुकानं, अशा ठिकाणी मध कुठल्या भागातला, कुठल्या फुलोऱ्याचा हे सांगता येतं. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट, कारवीचा सात-आठ वर्षांतून एकदाच. दर हंगामात चव अगदी एकसारखी असलेल्या मधाबद्दल मला शंका येते.

दोन गैरसमज. एक, थंडीत मध साखरेसारखा गोठला म्हणजे भेसळ. तसं नाही, खरा मधही कणीदार होतो. बरणी कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल. दोन, पातळ मध म्हणजे पाणी घातलेला. आपल्या सातेरी माशीच्या मधात मुळातच पाण्याचा अंश जास्त असतो.

उकळत्या चहात मध घालू नका. वास उडतो, आणि तापवलेला मध आयुर्वेदानेही वर्ज्य सांगितला आहे. पेय पिण्याजोगं कोमट झालं की घाला.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. बोटावर चाटवायलाही नाही. मधात बोटुलिझमचे जंतू बीजाणूच्या रूपात असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बारशाला कुणी मोठ्यांनी सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा आग्रह केला तर हात जोडून नाही म्हणा.

६. खजूर, बेदाणे, अंजीर, चिकू

खजूर घेताना तो चकाकत असेल आणि बोटांना पाक लागत असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. काही खजुरांवर ग्लुकोजचा पाक चढवलेला असतो. घटकांत "खजूर" एवढा एकच शब्द हवा. लहान खजुरात चार-पाच ग्रॅम साखर असते, मोठ्या मेडजूलमध्ये १५-१६. त्यामुळे "रोज दोन खजूर" या सल्ल्याला काही अर्थ नाही, कुठले दोन ते बघायला हवं.

बेदाणे आमच्या तासगावचे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. हिरवट-पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. दम्याच्या माणसाला गंधकाचा त्रास होऊ शकतो, त्याने काळी मनुका घ्यावी. कुठलाही बेदाणा कोमट पाण्यात धुऊन वापरा.

सुकं अंजीर खाण्याआधी फाडून आत बघा, आळी असू शकते. आणि हंगामात पुरंदरचं ताजं अंजीर मिळत असेल तर सुक्याकडे बघूच नका. घोलवडच्या चिकूचंही तसंच. पिकलेला चिकू कुस्करून दुधात घातला तर वर चिमूटभर साखर लागत नाही.

७. स्वयंपाकात बदल कसा करायचा

एका वेळी एकच पदार्थ बदला. घरच्यांना सगळंच बेचव लागलं की ते बंड करतात, आणि ते रास्त असतं.

*गुळाचा चहा:* दूध-चहा पूर्ण उकळून गॅस बंद करा, मग किसलेला गूळ. उकळत्या दुधात टाकला तर फाटतो.

*शिकरण:* सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या. साखर शून्य, वेलची भरपूर.

*खजुराचा लगदा:* २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. गव्हाच्या खिरीत, नाचणीच्या सत्त्वात, लापशीत छान लागतो. चहात मात्र घालू नका, गाळ होतो.

*घारगे:* लाल भोपळा गोड निघाला असेल तर नेहमीच्या निम्मा गूळ पुरतो. आधी कीस वाफवून चाखा, मग गूळ ठरवा. मी चाखल्याशिवाय गूळ घालत नाही.

*लाडू:* खजूर, भाजलेले दाणे, तीळ, थोडं खोबरं. पाक नको, साखर नको. पण आकार सुपारीएवढा ठेवा.

*केक:* एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटी मध, दूध थोडं कमी, आणि भट्टीची आच जराशी मंद. मधाने वरचा भाग लवकर लाल होतो.

८. पाकिटाची मागची बाजू

पुढे "गुळाची बिस्किटं", "मधयुक्त", "साखर घातलेली नाही" असं काहीही असो, घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. गुळाच्या बिस्किटांत मैदा, साखर, तेल आणि सहाव्या क्रमांकावर गूळ, हे मी स्वतः वाचलं आहे. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, फळांचा कॉन्सन्ट्रेट ही सगळी त्याच घरातली मंडळी.

९. स्टीव्हिया आणि ज्येष्ठमध

स्टीव्हिया या वनस्पतीच्या पानांचा अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड आणि जवळजवळ बिनकॅलरीचा. पण पुड्यांमध्ये तो बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये मिसळलेला असतो, तेव्हा घटक बघा. वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती शिफारस नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. आमच्या घरी तो टिकला नाही, कारण गोडाची सवय त्याने सुटत नव्हती.

ज्येष्ठमध घशासाठी दोन दिवस ठीक. रोजच्या चहात गोडीसाठी घालू नका: रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं.

१०. कुणी जास्त जपायचं

मधुमेह असेल तर गूळ, मध "चालतो" हे ऐकू नका. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणातलं गोड कमी-जास्त करायचं तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण औषधाचा डोस तोच राहून गोड अचानक कमी झालं तर साखर खाली जाऊ शकते. किडनीच्या रुग्णांनी खजूर, मनुका, अंजीर विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. आणि दात सगळ्यांचेच: चिकट खजूर, गूळ खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा.

११. तीन महिन्यांनी तपासा

एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्याआधी तपासून उपयोग नाही. आमचा आकडा या सगळ्यानंतर ५.८ वर आला. नवरा त्याच काळात रोज पाऊण तास चालायलाही लागला होता, म्हणून सगळं श्रेय मी गोडाला देणार नाही. आता महिन्याला घरात एक किलो गूळ, अर्धा किलोच्या आत साखर आणि मधाची छोटी बाटली लागते.

होळीच्या पुरणात मात्र खजूर घालू नका. मी एकदा घातला, पुरण चिकट झालं आणि पोळी लाटता लाटता फुटली. त्या दिवशी चांगला गूळ आणा, हरभऱ्याची डाळ आणि जायफळ नेहमीसारखं घ्या. पोळ्या नेहमीपेक्षा लहान लाटा, वर तूप घाला, आणि आधी कटाची आमटी-भात वाढा.